अकरा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि 'नवा भाडेकायदा': महाराष्ट्रात नेमकं काय लागू आहे

२०२५ च्या अखेरीस सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज भरपूर फिरला. देशभर नवे भाडेनियम आले, डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, साठ दिवसांत करार नोंदवला नाही तर पाच हजार दंड. तेव्हापासून काही भाडेकरू घरमालकाकडे 'कायद्याप्रमाणे' डिपॉझिट परत मागतात, आणि काही एजंट त्याच 'नव्या कायद्याच्या' नावाखाली जादा पैसे काढतात. दोघांच्या हातात असलेला कागद महाराष्ट्रात लागूच नाही.

मेसेजमधला बराचसा मजकूर केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातून उचललेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला. पण घरभाडं हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. केंद्रानं नमुना करून दिला, शिवून घालायचा की नाही ते राज्यानं ठरवायचं. आंध्र प्रदेश, तामिळनाडू, उत्तर प्रदेश आणि आसाम या राज्यांनी त्या धर्तीवर आपले कायदे बदलले. महाराष्ट्रानं तो स्वीकारलेला नाही. इथे अजून चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. अंमल ३१ मार्च २००० पासून. या कायद्यात डिपॉझिटला मर्यादा नाही. मुंबईत सहा महिन्यांचं मागितलं तर ते जड आहे, बेकायदा नाही.

पाच हजारांच्या दंडाची मात्र गंमत आहे. तो आकडा महाराष्ट्रापुरता खरा आहे, फक्त नवा नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ मध्ये तो पहिल्यापासून बसला आहे.

अकरा महिने कुठून आले

'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हे वाक्य पुण्या-मुंबईत इतक्या खात्रीनं सांगितलं जातं की लोक त्याला कायदाच समजतात. मूळ असं आहे: १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ नुसार वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणून एक महिना कमी करायचा, म्हणजे नोंदणी टळली.

त्यात मुंबईचा इतिहास मिसळला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात भाडेकरूला भक्कम संरक्षण होतं, म्हणून मालक 'भाडेकरू' हा शब्द टाळून 'लिव्ह अँड लायसन्स', म्हणजे फक्त राहण्याची परवानगी, असं लिहून घेत. मग दुरुस्ती आली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसेन्सी (अशा परवानगीनं राहणारे) घरात होते त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. मालकांनी त्याचा धसका घेतला. घर कुलूप लावून ठेवू पण भाड्यानं देणार नाही, ही वृत्ती आणि थोड्या थोड्या मुदतीचे करार, दोन्ही त्या धसक्यातून मुरले.

१९९९ च्या कायद्यानं दोन्ही बाजूंचं गणित बदललं. कलम ५५ म्हणतं की लिव्ह अँड लायसन्स असो वा भाडेपट्टा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. मुदतीचा उल्लेखच नाही. अकरा महिने असोत की तीन, नोंदणी लागतेच. ती करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून जिव्हारी लागणारी तरतूद पुढे आहे: लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. 'भाडं पंधराच हजार ठरलं होतं' असं भाडेकरू म्हणाला, तर वीस ठरलं होतं हे मालकानं दाखवायचं. नोंदणी टाळून मालक आपलाच पाय कुऱ्हाडीवर मारून घेतो, तरी टाळतो.

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोटरी फक्त सही करणारा समोर होता एवढं सांगतो. हा फरक लोकांना कळतो तो बहुधा चुकीच्या वेळी: आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के प्रवेशात पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार लावला, तो नोटरीचा निघाला आणि मुलाचा अर्ज बाद झाला. तिथे दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रार) नोंदवलेला करारच चालतो.

तुम्ही 'भाडेकरू' नाही

बोलताना सगळे भाडेकरूच म्हणतात, पण करार उघडून पाहा. 'लायसन्सर' आणि 'लायसेन्सी' हे शब्द दिसतील. लायसन्स म्हणजे दुसऱ्याच्या जागेत राहण्याची निव्वळ परवानगी. जागेत कुठलाही हक्क त्यातून तयार होत नाही. भाडे नियंत्रण कायद्यातल्या प्रसिद्ध सवलती, म्हणजे वर्षाला ४ टक्केच भाडेवाढ, थकबाकीसाठी ९० दिवसांची नोटीस, जिन्यातला दिवा किंवा पाणी तोडल्यास मालकावर गुन्हा, या चाळीतल्या आणि पागडीच्या जुन्या भाडेकरूंना डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत. लायसेन्सीचे हक्क जवळजवळ सगळे त्याच्या करारात असतात. करारात जे लिहिलं नाही ते मागून मिळवणं अवघड.

याचा सर्वात अनपेक्षित फटका बसतो मालक घर विकतो तेव्हा. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या (ईझमेंट्स ॲक्ट) कलम ५९ प्रमाणे नवा मालक जुन्या मालकानं दिलेल्या लायसन्सला बांधील नसतो. करार अजून सात महिने बाकी असला तरी तो 'घर रिकामं करा' म्हणू शकतो. सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो (कलम ६३), मुदतीआधी काढलं म्हणून जुन्या मालकाकडे भरपाई मागता येते (कलम ६४), पण घर जातं. म्हणून करारात एक ओळ घालून घ्यावी: मुदतीत सदनिका विकल्यास किमान दोन महिन्यांची लेखी सूचना, आणि खरेदीखत होण्यापूर्वी डिपॉझिट परत. ही ओळ घालायला मालक कुरकुरला, तर घर विकायला काढलं आहे का ते आजूबाजूला विचारून घ्या.

मुद्रांक शुल्काचं गणित

साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर शुल्क ०.२५ टक्के आहे. कशावर? संपूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं काल्पनिक व्याज. परत न मिळणारी रक्कम असेल तर तीही पूर्ण मिळवायची.

भाडं २०,००० आणि डिपॉझिट १ लाख धरू. अकरा महिन्यांचं भाडं २,२०,०००. डिपॉझिटचं अकरा महिन्यांचं व्याज ९,१६७. बेरीज २,२९,१६७, त्याचे ०.२५ टक्के ५७३ रुपये. पुढच्या शंभरात नेऊन ६००. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. दस्त हाताळणी शुल्क वेगळं.

आता हाच करार छत्तीस महिन्यांचा करा. पहिल्या वर्षी २० हजार, मग २१, मग २२. तीन वर्षांचं भाडं ७,५६,०००, व्याज ३०,०००, शुल्क १,९६५ म्हणजे २,०००. नोंदणीसह ३,०००. त्याऐवजी अकरा अकरा महिन्यांचे तीन करार केले तर शुल्क ६००, ७०० आणि ७००, अधिक तीन वेळा एक हजार: ५,००० रुपये, तेही तेहतीस महिन्यांसाठी. वर तीन वेळा एजंटची फी. दोन्ही पक्षांना दीर्घकाळ राहायचं-ठेवायचं असेल तर अकराच्या आकड्याला चिकटून राहण्यात काही अर्थ नाही. फक्त मुदत मोठी असेल तर 'लॉक-इन', म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही तो, लहान ठेवा, सहा महिन्यांच्या वर नको. नाहीतर बदली झाली तरी उरलेल्या लॉक-इनचं भाडं तुमच्याच बोकांडी बसतं.

शुल्क कोणी भरायचं हे आपसात ठरतं. निम्मं निम्मं हा सर्रास चालणारा रिवाज. एजंटनं 'ॲग्रीमेंटचे' म्हणून एकगठ्ठा रक्कम सांगितली तर तिच्यातलं सरकारी चलन किती आणि त्याची फी किती, हे विचारायला लाजू नका. चलनाची प्रत ही तुमच्याच दस्ताचा भाग आहे.

नोंदणीसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जावंच लागतं असं नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर मिळकतीचा तपशील, दोन्ही पक्ष, मुदत, भाडं, डिपॉझिट, अटी भरायच्या. मसुदा तयार होतो. शुल्क ऑनलाइन भरायचं. मग मालक, लायसेन्सी आणि दोन साक्षीदार यांची आधारवरून ओळख पटवली जाते, कॅमेऱ्यात फोटो निघतो, दस्त दाखल होतो. दुय्यम निबंधक तपासतो आणि नोंदणी क्रमांकासह दस्त व इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा) उपलब्ध होतात.

गाडी अडते ती ठरावीक ठिकाणी. ज्येष्ठ मालकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात आणि थम्ब लागत नाही. मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसतो, म्हणून ओटीपीचा पर्यायही बंद. मिळकत पत्नीच्या नावावर आणि सही करायला नवरा आलेला. दोन सहमालक असताना एकच हजर. हे आदल्या दिवशी फोनवर विचारलं तर टळतं. आणि मसुदा दाखल होण्यापूर्वी सदनिकेचा क्रमांक, विंग, भाडं नि तारखा स्वतः वाचा. 'बी विंग'चं 'डी विंग' झालेला करार गॅसच्या जोडणीला किंवा पासपोर्टला लावला की तिथेच परत येतो, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा दस्त करावा लागतो.

डिपॉझिट: सही करण्यापूर्वी

आधी समोरचा खरंच मालक आहे का ते पाहा. इंडेक्स टू किंवा सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ताजं वीजबिल, मालमत्ता कराची पावती. तिन्हीवर एकच नाव हवं. पैसे त्याच नावाच्या बँक खात्यात भरा आणि तो व्यवहार क्रमांक करारात लिहून घ्या. रोख दिलं आणि करारात निम्मंच दाखवलं, तर उरलेलं निम्मं कायद्याच्या नजरेत नाहीच.

'हेवी डिपॉझिट' प्रकाराला विशेष जपा. दहा लाख द्या, भाडं शून्य, जाताना दहा लाख परत. ऐकायला फुकटात घर. पण ज्याला दहा लाख एकदम हवे असतात त्याची आर्थिक अडचण बहुधा आधीपासून असते. घर बँकेकडे गहाण असेल आणि हप्ते थकले, तर बँक ताबा घ्यायला येते, तुमचं लायसन्स तिला अडवू शकत नाही, आणि दहा लाखांसाठी तुम्हाला त्याच कंगाल मालकावर दावा लावत बसावं लागतं. सोसायटीच्या कार्यालयात एक साधा प्रश्न विचारा: या सदनिकेवर बँकेचा बोजा नोंदला आहे का?

भांडणं सगळ्यात जास्त होतात ती रंगावरून. छापील मसुद्यात 'सामान्य झीज वगळता सदनिका पूर्वस्थितीत परत करावी' असं असतं आणि सामान्य झीज म्हणजे काय हे कोणीच लिहीत नाही. मग जाताना 'पेंटिंगचे पंचवीस हजार' कापले जातात. इथे तो लागू नसलेला आदर्श कायदा कामाला येतो. त्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी दिली आहे: बांधकामाच्या दुरुस्त्या, भिंतींना रंग, दारं-खिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणं, वायरिंग हे मालकाकडे, नळाचे वॉशर, तुंबलेली मोरी, गिझर, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा हे राहणाऱ्याकडे. दोन्ही पक्षांच्या संमतीनं ही वाटणी आपल्या करारात जशीच्या तशी उतरवायला कोणाची आडकाठी नाही. त्याच कायद्यातली मालकाच्या भेटीची अटही उचलण्यासारखी आहे: २४ तास आधी कळवायचं, आणि सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेतच यायचं.

डिपॉझिटच्या कलमाची भाषा नेमकी हवी. 'मुदत संपल्यावर परत करण्यात येईल' एवढं लिहिलं तर कधी, हा प्रश्न उरतो. त्याऐवजी असं लिहा: 'सदनिकेचा रिकामा ताबा व चाव्या देतेवेळी, त्याच दिवशी, लायसन्सर डिपॉझिटची रक्कम लायसेन्सीच्या बँक खात्यात जमा करेल. वजावट करायची असल्यास ती फक्त थकीत भाडं, वीज-गॅस बिल आणि बिलासह दाखवलेल्या नुकसानीपुरती असेल. विलंब झाल्यास दरमहा दीड टक्का व्याज देय राहील.' व्याजाचा दर दोघांनी ठरवावा. आकडा नसण्यापेक्षा छोटा आकडा असणं बरं.

मुदत संपली आणि घर सोडलं नाही तर

इथे कायदा पूर्णपणे मालकाच्या बाजूनं झुकतो, आणि लायसेन्सींना हे ठाऊक नसतं. कलम २४ नुसार मुदत संपताच ताबा द्यायचा. नाही दिला तर मालक भाडे नियंत्रण कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. जादा राहिलेल्या काळासाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. वीस हजारांचं घर चाळीसला पडतं, निकाल लागेपर्यंत दर महिन्याला. शिवाय या प्राधिकाऱ्यासमोर लेखी करारातलं विधान हाच निर्णायक पुरावा. 'मालक तोंडी म्हणाले होते राहा म्हणून' या वाक्याची तिथे काही किंमत नाही. मुदतवाढ हवी तर नवा करार, मुदत संपण्याआधी.

प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर तारीख लिहून ठेवा. मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. नुसतं सुनावणीला हजर राहून चालत नाही. ३० दिवस हातचे गेले की मालकाचं म्हणणं मान्य केल्यासारखं धरलं जातं आणि थेट आदेश निघतो. आदेशाविरुद्ध ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज करता येतो.

मात्र हा झटपट मार्ग मालकाला उपलब्ध आहे, याचाच अर्थ त्यानं तोच वापरायचा. मुदत संपली म्हणून कुलूप बदलणं, सामान जिन्यात काढणं, हे त्याच्या हातातलं नाही. असं घडलं तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. 'हा दिवाणी मामला आहे' हे उत्तर मिळेलच. तरी पोच पुढे उपयोगी पडते.

सोसायटी, पोलीस आणि टीडीएस

सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदानं घर भाड्यानं देताना सोसायटीला लेखी कळवायचं असतं. परवानगी मागायची नसते. सभासद स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनवापर शुल्क लावते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवा शुल्काच्या, पूर्ण मेंटेनन्सच्या नव्हे, आणि पालिकेचे कर वगळून. शासनाचा तो आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. हे बिनवापर शुल्क सभासदानं भरायचं. लायसेन्सीकडून 'मूव्हिंग चार्जेस' म्हणून उकळायचं नाही. एकट्या मुला-मुलींना घर नाकारण्याचे ठराव सोसायट्या करतात, ते उपविधींच्या या चौकटीत बसत नाहीत.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम. पोलीस आयुक्त वेळोवेळी तसे आदेश काढतात, माहिती ऑनलाइन भरता येते, न भरल्यास गुन्हा मालकावर. पोच पावतीची प्रत मागून घ्या. सोसायटीचा वॉचमन पहिल्या दिवशी टेम्पो अडवतो तो याच कागदासाठी.

महिन्याला ५०,००० पेक्षा जास्त भाडं देत असाल, तर त्यातून कर कापून (टीडीएस) सरकारकडे भरणं तुमच्यावर आहे, नोकरदार असलात तरी. दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला. साध्या पॅनवर भरता येतो. पण मालक परदेशी राहत असेल, आणि पुण्यातल्या हिंजवडी-बाणेर पट्ट्यात अमेरिकेतले मालक पैशाला पासरी आहेत, तर नियम वेगळा. तिथे पन्नास हजारांची मर्यादाच नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापावे लागतात, आणि त्यासाठी टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक, काढावा लागतो. पंचवीस हजार भाड्यातून ७,८०० कापून १७,२०० द्यायचे. मालकानं आयकर खात्याकडून कमी दराचा दाखला आणला तर त्या दरानं. भाडं त्याच्या इथल्या आईच्या खात्यात भरत असलात तरी घर कोणाच्या नावावर आहे ते मोजलं जातं. कर कापला नाही तर तो व्याजासह तुमच्याकडूनच वसूल होतो, म्हणून करार करतानाच मालकाचं वास्तव्य कुठे आहे ते लेखी विचारा.

चाव्या देण्याचा दिवस

राहायला आलात त्या दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवलेला असला, तर जाताना काम अर्धं झालेलं असतं. बाथरूमच्या छतावरची ओल, किचन ट्रॉलीची सुटलेली बिजागरी, वीजमीटरचा आकडा, हे त्यात दिसायला हवं. सोडताना तोच व्हिडिओ पुन्हा काढा. महावितरणचं बिल मागच्या महिन्याचं असतं, म्हणून शेवटच्या दिवशीच्या रीडिंगवरून उरलेल्या युनिटचे पैसे तिथेच चुकते करा. नाहीतर 'बिल आल्यावर बघू' म्हणून पूर्ण डिपॉझिट दोन महिने अडकतं. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायची युक्ती बरेच जण वापरतात. मालकानं लेखी मान्य केलं असेल तर ठीक, नाहीतर कागदावर ती थकबाकी दिसते आणि तुमचीच बाजू लंगडी होते.

पैसे त्या दिवशी आले नाहीत तर चाव्या देताना एक पानी ताबापावती करा: तारीख, मीटरचे आकडे, किती चाव्या दिल्या, किती डिपॉझिट येणं बाकी, दोघांच्या सह्या. मालक सही करत नसेल तर हाच मजकूर ईमेलवर आणि रजिस्टर पोस्टानं पाठवा. नंतर वकिलाची नोटीस, आणि तरीही नाही तर वसुलीचा दिवाणी दावा. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि ती मोजायला सुरुवात होते या पावतीवरच्या तारखेपासून.